शेजाऱ्याच्या बिलाचा नंबर

मनीषनगर असो, बेसा असो की वर्धा रोड, नागपुरातल्या नव्या फ्लॅट स्कीममध्ये मेंटेनन्सचं बिल घेऊन चौकीदार दारात येणं आता कमी झालंय. मोबाइलवर लिंक येते, ती दाबली की बिल उघडतं. तेव्हा पडद्यावरच्या पट्टीत वेबसाइटचा पत्ता दिसतो आणि त्याच्या शेपटाला बरेचदा एक साधा आकडा असतो, समजा १०४३. त्या जागी कोणी १०४४ टाकलं तर? नीट बांधलेली वेबसाइट सांगते की हे बिल तुमचं नाही. कच्ची वेबसाइट बाजूच्या घराचं बिल मुकाट्यानं उघडून देते: नाव, मोबाइल नंबर, किती महिन्यांची थकबाकी, सगळं.

यासाठी हॅकर असावं लागत नाही, आकडे मोजता आले की पुरे. अमेरिकेत मे २०१९ मध्ये फर्स्ट अमेरिकन या मोठ्या टायटल इन्शुरन्स (घर-जमिनीच्या मालकीहक्काचा विमा) कंपनीच्या वेबसाइटवर नेमकं हेच उघडकीला आलं. घरखरेदी आणि गृहकर्जाशी संबंधित सुमारे ८८.५ कोटी कागद लिंकमधला आकडा बदलून कोणालाही पाहता येत होते. बँक खात्यांचे क्रमांकसुद्धा त्यात होते. लॉगिनची गरजच नव्हती. वेबसाइटच्या सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत 'कोणाला काय दिसावं याची तपासणी नसणं' हाच दोष पहिल्या क्रमांकावर आहे.

हे होतं कसं? वेबसाइट ज्या संगणकावर चालते, त्या सर्व्हरला मुळात स्मरणशक्ती नसते. तुमची प्रत्येक टिचकी त्याच्यासाठी नवीन मागणी असते आणि मागणारा अनोळखी. म्हणून लॉगिन झाल्यावर सर्व्हर तुमच्या ब्राउझरला एक सांकेतिक खूण देतो, तिला कुकी म्हणतात. पुढच्या प्रत्येक मागणीसोबत ब्राउझर ती खूण दाखवतो. एवढ्यानं 'मागणारा कोण' हे कळतं. 'मागितलेला कागद पाहायचा याला हक्क आहे का' हा प्रश्न अगदी वेगळा, आणि तो सर्व्हरनं प्रत्येक कागदाच्या वेळी नव्यानं विचारावा लागतो. बँकेच्या लॉकरच्या खोलीत तुम्हाला सोडलं म्हणून तिथले सगळे लॉकर तुमच्या किल्लीनं उघडत नाहीत, तसं. घाईत बनवलेल्या वेबसाइटमध्ये पहिला प्रश्न विचारला जातो, दुसरा राहून जातो. काही ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी दिसणारं कुलपाचं चिन्हही इथं कामाचं नाही. माहिती वाटेत कोणी वाचू नये एवढीच त्याची जबाबदारी, पोचल्यावर ती कोणाच्या हाती पडते याच्याशी त्याला देणंघेणं नसतं.

गंमत अशी की हा दुसरा प्रश्न आपल्या कायद्यानं फार आधी सोडवून ठेवलाय. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला उपविधी, लेखापरीक्षण झालेला शेवटचा ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, समितीची यादी, सभासद नोंदवही, आमसभेची आणि समितीच्या सभांची इतिवृत्तं विनामूल्य पाहता येतात. हिशेबाच्या वह्यांमधला मात्र तेवढाच भाग, जिथं त्याच्या स्वतःच्या व्यवहाराची नोंद आहे. २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी कायद्यात वेगळं प्रकरण घातलं, त्यातही पाहणीचा हक्क आहेच. नागपुरात बऱ्याच स्कीम १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतात, तिथंही जमाखर्चाचं दप्तर मालकांना पाहायला खुलं ठेवावं लागतं. म्हणजे कोणता कागद सगळ्यांचा आणि कोणता एकाच घराचा, ही यादी तयार आहे. प्रोग्रामरच्या हातात ती देणं समितीचं काम.

उलट टोकही मला तितकंच खटकतं. 'वेबसाइटवर टाकलं तर डेटा चोरीला जाईल' असं म्हणून इतिवृत्त आणि ताळेबंदही दडवले जातात. हे साफ चूक आहे. सरकारी पैशावर न चालणाऱ्या सहकारी संस्थेला माहितीचा अधिकार कायदा थेट लागू होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्येच सांगितलंय. त्यामुळे पाहणीचा हक्क हाच सभासदाचा मुख्य आधार. सुरक्षेचं कारण देऊन तो काढून घेणं म्हणजे सुरक्षेचा अर्थच उलटा करणं.

खरं तर सुरक्षेचं गणित पारदर्शकतेच्या मदतीलाही येतं. आमसभेचं इतिवृत्त मागाहून बदललं, ही तक्रार सोसायट्यांत नवी नाही. फाइलवर एसएचए-२५६ ही गणिती प्रक्रिया चालवली की ६४ अक्षरांचा ठसा मिळतो. पुन्हा चालवली की तोच ठसा. पण फाइलमध्ये लिफ्टदुरुस्तीचे ४,५०,००० रुपये कोणी ४,६०,००० केले, तर बदलतो एकच आकडा, आणि ठसा मात्र ओळखू न येण्याइतका वेगळा होतो. ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही, आणि तोच ठसा देणारी दुसरी फाइल बनवणं आजवर कोणाला जमलेलं नाही. इतिवृत्त निघालं त्याच दिवशी हा ठसा सगळ्या सभासदांच्या मोबाइलवर गेला, की नंतर केलेला फेरफार कोणालाही घरबसल्या पकडता येतो. खर्च शून्य.

पासवर्डचं थोडक्यात. फ्लॅट नंबर हे युजरनेम आणि मोबाइल नंबर हा पासवर्ड, ही पद्धत बंद व्हायलाच हवी, कारण दोन्ही अख्ख्या स्कीमला ठाऊक असतात. चार अंकी ओटीपीच्या शक्यता फक्त १०,०००. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा नसेल, तर सेकंदाला १०० प्रयत्न करणारा साधा प्रोग्रॅम १०० सेकंदांत सगळ्या संपवतो. पाच चुकांनंतर दार बंद केलं की हाच ओटीपी बऱ्यापैकी भक्कम होतो.

आणि सचिव बदलला की? जुना सचिव वह्या, शिक्के, चेकबुक यांचा चार्ज देतो, वेबसाइटचा अ‍ॅडमिन पासवर्ड मात्र त्याच्याकडेच राहतो. कधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, त्याच्या खासगी ईमेलवर नोंदवलेलं असतं. चार्जच्या यादीत अ‍ॅडमिन खातं, डोमेन आणि बॅकअप या तीन नोंदी असाव्यात, आणि प्रत्येक पदाधिकाऱ्याचं खातं वेगळं असावं, म्हणजे कोणी कधी काय उघडलं याची नोंद राहते.

आपल्या स्कीमची वेबसाइट कशी आहे हे पाहायला १०४४ टाकून बघू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याची माहिती उघडणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० खाली अडचणीचं ठरू शकतं. त्याऐवजी स्वतःच्या बिलाची लिंक कॉपी करा, लॉगआउट व्हा आणि ब्राउझरच्या खासगी (इन्कॉग्निटो) खिडकीत ती टाका. लॉगिन न मागता बिल उघडलं, तर त्या पडद्याचा फोटो काढून सचिवांना लेखी कळवा. सहकारी संस्थेत ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक आमसभा व्हायचीच असते, विषयपत्रिकेत हा विषय घ्यायला सांगा.