हायडा स्कॅन

यकृतात तयार झालेले पित्त कोणत्या वाटेने आणि किती वेळात आतड्यात उतरते, हे दाखवणारी अणुवैद्यकातील तपासणी; त्यासाठी शिरेतून थोडे किरणोत्सर्गी औषध देतात. रक्ताची गुठळीही तिच्यात दिसते असा काहींचा समज असतो, पण रक्तवाहिनीतली गुठळी शोधायला ती उपयोगाची नाही. आतड्यातून यकृतात रक्त नेणाऱ्या पोर्टल शिरेत गुठळीचा संशय असेल तर आधी डॉप्लर सोनोग्राफी करतात, गरज पडल्यास सीटी किंवा एमआरआय. फुप्फुसातल्या गुठळीसाठी सीटी अँजिओग्राफी किंवा व्ही-क्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठवर पोहोचते हे दाखवणारा) असतो. व्ही-क्यूलाही हायडासारखेच टेक्नेशियम हे किरणोत्सर्गी द्रव्य लागत असल्याने दोन्हींत गल्लत होते.

गुठळीचा संबंध येतो तो एकाच ठिकाणी. यकृताला मार लागल्यावर किंवा बायोप्सीनंतर पित्तनलिकेत रक्त उतरून गोठले, तर औषध तिथे अडते. मात्र खडा किंवा आकसलेली नलिका असली तरी चित्र तसेच दिसते. वाट अडली आहे एवढे स्कॅन सांगतो. कशाने, ते सांगत नाही.

प्रौढांना मेब्रोफेनिनला (यकृत रक्तातून उचलून पित्तात सोडते अशा द्रव्याला) जोडलेले टेक्नेशियम-99एम साधारण 3 ते 5 मिलिक्युरी शिरेतून देतात आणि गॅमा कॅमेऱ्याखाली 60 मिनिटे चित्रे घेतात. तेवढ्यात पित्ताशय आणि आतडे दोन्ही दिसायला हवेत. आतडे दिसले पण पित्ताशय नाही, तर किलोमागे 0.04 मिलिग्रॅम मॉर्फिन सावकाश देऊन आणखी 30 मिनिटे पाहतात. मॉर्फिनने नलिकेच्या तोंडाचा स्नायू आवळतो, दाब वाढतो आणि पित्त पित्ताशयाकडे वळते. मॉर्फिन द्यायचे नसेल तर 3-4 तासांनी पुन्हा चित्र घेतात. तरीही पित्ताशय दिसले नाही, तर त्याच्या तीव्र दाहाची शक्यता बळावते.

तपासणी बिघडते ती बहुतेकदा पोटामुळे. आधी 4 ते 6 तास काहीही खायचे नाही. उपवासाची साबुदाणा खिचडीही नाही, कारण शेंगदाण्यातल्या स्निग्धांशाने पित्ताशय आकुंचन पावते आणि औषध आत शिरत नाही. उलट 24 तासांहून अधिक उपाशी राहिल्यास पित्ताशय आधीच घट्ट पित्ताने भरलेले असते आणि निरोगी असूनही दिसत नाही. तुळजापूरच्या भवानीचे नवरात्र कडक धरणाऱ्यांनी हे आवर्जून सांगावे. मॉर्फिनच्या जातीचे वेदनाशामक घेतले असल्यास तेही सांगावे. त्याने पित्त आतड्यात उशिरा उतरते आणि नलिका अडल्याचा भास होतो.

काविळीच्या तान्ह्या बाळात, पित्तनलिका जन्मतःच बंद आहे का हे पाहताना, आधी सुमारे 5 दिवस रोज किलोमागे 5 मिलिग्रॅम फिनोबार्बिटल (यकृताला पित्त सोडायला चालना देणारे औषध) देतात. स्कॅनचे औषध आतड्यात दिसले नाही तर 24 तासांनी पुन्हा चित्र लागते. त्यामुळे किनवट किंवा परांड्याहून छत्रपती संभाजीनगरला बाळाला आणणाऱ्यांनी मुक्कामाची सोय करूनच निघावे.