'बी' या क्रियापदाची तीन मुळे

इंग्रजी शिकणाऱ्या प्रत्येकाला 'बी' या क्रियापदाची रूपे घोकावी लागतात, कारण 'अ‍ॅम', 'इज', 'वॉज' आणि 'बीन' यांच्यात साम्य शोधूनही सापडत नाही. मुळात ही एका धातूची रूपे नाहीतच. तीन निरनिराळे धातू काळाच्या ओघात एकत्र आले, आणि त्या तिघांचेही भाऊबंद संस्कृतात आहेत.

'अस्मि' आणि 'अस्ति' यांच्याशेजारी 'अ‍ॅम' आणि 'इज' ठेवली की 'अस्' धातूचे नाते लगेच ध्यानात येते. 'बी' आणि 'बीन' यांचा सगोत्र 'भू'. संस्कृत 'भ'च्या जागी इंग्रजीत 'ब' येणे हे 'भ्रातृ' आणि 'ब्रदर' या जोडीतही दिसते. 'वॉज' आणि 'वेअर' यांचे नाते 'वस्', म्हणजे राहणे, या धातूशी आहे. इंग्रजीने हे धातू संस्कृताकडून उसने घेतलेले नाहीत. दोन्ही भाषा एकाच लुप्त भाषेच्या वंशज आहेत.

असे धातूंचे मिश्रण संस्कृतातही आहे, आणि पाणिनीने ते नेमके टिपले. 'अस्तेर्भूः' या सूत्रानुसार काही प्रत्ययांपूर्वी 'अस्'ऐवजी 'भू' येतो, म्हणूनच 'अस्ति'चे भविष्यकाळी रूप 'भविष्यति' होते. दोन शब्दांत एवढे सांगणारे हे सूत्र मला विलक्षण वाटते.

उरतो प्रश्न 'वॉज'मधील 'स' आणि 'वेअर'मधील 'र' यांचा, कारण दोन्ही एकाच धातूतून आलेली आहेत. ('वॉज'मधला 'स' आज 'झ'सारखा उच्चारला जातो.) याचे उत्तर १८७५ मध्ये डॅनिश भाषाशास्त्रज्ञ कार्ल व्हर्नर यांना सापडले. इंग्रजी, जर्मन, डॅनिश अशा जर्मानिक भाषांच्या पूर्वजात आघात, म्हणजे उच्चारातला जोर, कधी धातूवर, तर कधी प्रत्ययावर पडत असे. प्रत्ययावर पडला की आधीचा 'स' मृदू होऊन 'झ' होई आणि पुढे इंग्रजीत त्याचा 'र' झाला. या भाषांनी पुढे आघात शब्दारंभी पक्का केल्यामुळे ती खूण पुसली गेली होती, पण वैदिक संस्कृताच्या स्वरांकनात, म्हणजे आघात दाखवणाऱ्या खुणांत, ती शाबूत होती, आणि तिच्याच आधारे व्हर्नर यांनी नियम सिद्ध केला. जुन्या इंग्रजीत 'चूझ' या क्रियापदाच्या भूतकाळातही एकवचनी 'स' आणि अनेकवचनी 'र' होता. तो भेद पुढे लोपला. 'वॉज' आणि 'वेअर' मात्र बोलण्यात सतत येत असल्यामुळे तो भेद त्यांच्यात आजही टिकून आहे.