कामादो शेगडी : मंद धुरीसाठी आच राखणे

कामादो म्हणजे जाड सिरॅमिकची, अंडाकृती, झाकण लावून वापरायची कोळशाची शेगडी. मूळ जपानी शब्दाचा अर्थच चूल. भात शिजवायची जपानी मातीची चूल दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी मायदेशी नेली, तिथे तिच्यात मांस भाजले जाऊ लागले आणि पुढे तडकणाऱ्या मातीची जागा सिरॅमिकने घेतली. अटलांटातील ‘बिग ग्रीन एग’ ही १९७४ ची कंपनी याच परंपरेतली.

मुंबईकराला या शेगडीची जात पटकन कळेल ती अलिबागकडच्या पोपटीवरून. पोपटीत वालाच्या शेंगा नि भांबुर्ड्याचा पाला भरलेल्या मडक्याभोवती जाळ असतो. कामादोत जाळ मडक्याच्या पोटात असतो. पोपटीची आच अंदाजाने राखतात, कामादोची दोन फटींनी : खालचे हवेचे दार आणि झाकणावरची झडप. तापलेली हवा वरून निघून जाते, तेवढीच ताजी हवा खालून ओढली जाते. पोटात कोळसा कितीही असो, पेटतो तो मिळालेल्या हवेपुरताच.

मंद धुरीसाठी, म्हणजे मांस धुरात हळूहळू शिजवण्यासाठी, आत साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअस हवे. नवशिक्याचा हात चुकतो तो इथेच. जाड भिंती उष्णता पिऊन बसतात. तापमापकाचा काटा एकदा १६० वर गेला, की दोन्ही फटी मिटल्या तरी भिंती तास-दीड तास धग देत राहतात आणि हवेविना निखारे घुसमटून कडवट धूर सोडतात. आच उतरवण्यापेक्षा ती चढूच न देणे, हेच या शेगडीचे सगळे कसब. त्यासाठी कोळसा काठोकाठ भरला तरी मधोमध एकाच जागी पेटवावा. मुठीएवढे निखारे फुलले की त्यांवर आंब्याच्या किंवा पेरूच्या सुक्या लाकडाचे दोन तुकडे, वर सिरॅमिकची जाड थाळी (मांसाला थेट धग लागू नये म्हणून) आणि जाळी ठेवून झाकण लावावे. काटा ८० वर आला की फटी मिटवायला घ्याव्यात. १०० पर्यंत खालचे दार काडेपेटीच्या जाडीइतके आणि वरची झडप नखाएवढी उघडी राहिली पाहिजे. मग पाऊण तास हात लावू नये. फट हलवल्याचा परिणाम दिसायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. त्याआधी पुन्हा हलवणारा दिवसभर काट्यामागे धावत राहतो.

सुरुवातीचा धूर पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा असतो आणि मांस कडू करतो. गच्चीवरच्या पाण्याच्या काळ्या टाकीसमोर पाहिले तर तो विरळ, निळसर होत जाताना स्पष्ट दिसतो. जेमतेम दिसेल इतका उरला की मांस ठेवावे. थंड मांसाने काटा पडतो, तरी फटी तशाच असू द्याव्यात.

मटणाचा खांदा किंवा डुकराचा मोठा तुकडा आतून ६५ ते ७५ अंशांच्या दरम्यान तासन्‌तास अडून बसतो. शेगडी बिघडलेली नसते. मांसावरून निघणारी वाफच तेवढी उष्णता घेऊन जाते. चिवटपणा जाऊन मांस हाडावरून सुटायला आतले तापमान ९० ते ९५ वर जावे लागते. रावस-सुरमईच्या तुकड्यांना एवढी तपश्चर्या लागत नाही.

मुंबईत हवेशी दुहेरी झगडा असतो. पावसाळ्यात कोळसा ओलावा धरतो आणि उशिरा पेटतो. तो घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावा. भिजलेली शेगडी एकदम तापवली तर तिला तडा जाऊ शकतो. दुपारनंतर पश्चिमेकडून समुद्राचा वारा सुटतो आणि खालचे दार त्याच्या तोंडाला असेल तर भात्यासारखा निखारे फुलवतो. दार पूर्वेकडे वळवावे. काचा लावून बंद केलेल्या बाल्कनीत मात्र ही शेगडी कधीही पेटवू नये : कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो जीव घेतो.

फटी बराच वेळ जवळपास मिटलेल्या असताना झाकण झटक्यात उघडले, तर हवा आत घुसून ज्वाळा अंगावर येते. बोटभर उचलून, क्षणभर थांबून मग उघडावे. काम झाल्यावर पाणी मारू नये, सिरॅमिक तडकते. दोन्ही फटी पूर्ण मिटल्या की निखारे आपोआप विझतात आणि उरलेला कोळसा राख झटकून पुढच्या वेळी वापरता येतो.