रेटिनासाठी वेगळी परिषद का भरते?

प्रायोगिक जीवशास्त्रातल्या अमेरिकन संस्थांचा महासंघ ‘फासेब’ १९१२ साली स्थापन झाला. तो निवडक विषयांवर लहान परिषदा भरवतो आणि त्यांतली एक आहे रेटिनाच्या, म्हणजे डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या, चेताविज्ञानावर, दृश्य माहितीवरच्या प्रक्रियेवर. दृष्टिसंशोधकांची ‘आर्व्हो’ ही मोठी संघटना १९२८ पासून आहेच, तिच्या वार्षिक अधिवेशनाला हजारो लोक जमतात. मग डोळ्याच्या मागच्या, मिलिमीटरभरही जाडी नसलेल्या पडद्यासाठी आणखी एक बैठक कशाला? कारण या पडद्यात नुसता प्रकाश टिपला जात नाही, दिसण्याचं बरंचसं काम तिथेच उरकलं जातं. हे संशोधकांच्या गळी उतरायला मात्र अर्धं शतक लागलं.

सुरुवात चेतापेशींचा अभ्यास करणाऱ्या स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहालपासून करावी लागते. इटालियन शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जीच्या पेशी रंगवण्याच्या पद्धतीत हजारो पेशींपैकी मोजक्याच रंगतात, पण ज्या रंगतात त्या फांद्यांसकट पूर्ण दिसतात. ती वापरून काहालने १८९३ साली पृष्ठवंशी प्राण्यांच्या रेटिनावरचा आपला मोठा प्रबंध छापला. प्रकाशग्राही पेशींकडून बायपोलर पेशींकडे, तिथून गँग्लिऑन पेशींकडे आणि त्यांच्या अक्षतंतूंतून, म्हणजे संदेश दूर नेणाऱ्या लांब धाग्यांतून, मेंदूकडे असा संदेशाचा प्रवास त्याने मांडला. (गोल्जीला हे मान्यच नव्हतं. १९०६ साली दोघांना नोबेल विभागून मिळालं, तेव्हाच्या भाषणातही त्याने आपला विरोध सोडला नाही.) पण संदेश फांद्यांतून पेशीत येतो आणि अक्षतंतूतून बाहेर जातो, या काहालच्या नियमात एक पेशी बसेना. अमॅक्राइन पेशीला अक्षतंतूच नसतो. मग तिच्यातून संदेश जायचा कुठून, कुठे? हा पेच पुढे फार महत्त्वाचा ठरला.

चित्रं कितीही सुरेख असली तरी पेशी काय करते ते त्यांतून कळत नाही. ते ऐकावं लागतं. १९३८ साली केफर हार्टलाइनने बेडकाच्या दृष्टिचेतेतले, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतेतले, तंतू चिकाटीने सुटे केले आणि एकेका तंतूतले विद्युतस्पंद नोंदवले. दिवा लागला की तंतू जागा होईल, विझला की शांत होईल, एवढीच अपेक्षा असायला हवी होती. काही तंतू तसे वागलेही. काही मात्र दिवा लागताना आणि विझताना, दोन्ही वेळा क्षणभर उसळून गप्प झाले. काही तर फक्त दिवा विझल्यावर बोलायला लागले. अंधार झाल्याची बातमी मुद्दाम कळवणारा तंतू! एकाच प्रकाशाबद्दल निरनिराळे तंतू निरनिराळं सांगत असतील, तर छाननी त्याआधीच, पडद्यात झालेली असणार. माझ्या मते या क्षेत्राचा खरा जन्म इथे झाला. हार्टलाइनला १९६७ साली राग्नार ग्रानिट आणि जॉर्ज वॉल्ड यांच्यासोबत नोबेल मिळालं.

१९५३ साली स्टीफन कफलरने मांजराच्या गँग्लिऑन पेशी तपासल्या. पेशी पडद्याच्या जेवढ्या भागावर नजर ठेवते त्या क्षेत्राच्या मध्यभागी ठिपकाभर उजेड टाकला की काही पेशी उत्तेजित होत, भोवतीच्या कड्यावर टाकला की दबत. दुसऱ्या काही पेशींचं नेमकं उलट. सगळीकडे सारखा उजेड पसरला तर प्रतिसाद बेताचाच. म्हणजे पेशीला रस होता तो फरकात, कडेत. त्याच वर्षी होरेस बार्लोने बेडकाच्या काही पेशी किड्याएवढ्या हलत्या ठिपक्याला विशेष दाद देतात असं दाखवलं आणि १९५९ साली एमआयटीतल्या लेटविन, मातुराना, मॅककलक आणि पिट्स यांच्या निबंधाने हा विचार गणित आणि यंत्रांच्या लोकांपर्यंत नेला.

यानंतर प्रसिद्धी मेंदूकडे सरकली. कफलरच्याच प्रयोगशाळेत काम सुरू केलेल्या ह्यूबेल आणि वीझल यांचं मेंदूच्या दृश्य भागावरचं काम गाजलं, त्यांना १९८१ साली नोबेल मिळालं आणि रेटिना अनेकांच्या लेखी प्रस्तावनेचा विषय झाली. रेटिनावाल्यांना स्वतःची बैठक हवीशी वाटण्यामागे हेही एक कारण असावं असं मला वाटतं.

पडद्यातलं काम थांबलं नव्हतंच. बार्लो आणि लेविक यांनी १९६५ साली सशाच्या रेटिनात अशा पेशी अभ्यासल्या, ज्या वस्तू एका दिशेने सरकली की जोरात बोलतात आणि उलट सरकली की जवळजवळ गप्प राहतात. हे जमतं कसं, यावर दशकानुदशकं वाद चालले. २००२ साली ऑइलर, डेटवायलर आणि डेंक यांनी दाखवलं की दिशेची निवड तारकेच्या आकाराच्या अमॅक्राइन पेशीच्या फांद्यांमध्येच सुरू होते. काहालच्या नियमात न बसलेल्या जातीतलीच ही पेशी! २०११ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने केलेल्या जोडण्यांच्या नकाशात त्यामागची मांडणीही दिसली.

२००२ सालचाच दुसरा धक्का म्हणजे काही गँग्लिऑन पेशी मेलॅनॉप्सिन या प्रथिनाच्या जोरावर स्वतःच प्रकाश ओळखतात. दंडपेशी आणि शंकुपेशी या नेहमीच्या प्रकाशग्राही पेशींखेरीज तिसरा प्रकाशग्राही सापडला, तो प्रामुख्याने शरीराचं घड्याळ आणि बाहुलीचं आकुंचन सांभाळणारा. गंमत म्हणजे आंधळ्या उंदरांच्या बाहुल्या प्रकाशात आकुंचन पावतात हे क्लाइड कीलरने १९२० च्या दशकातच नोंदवलं होतं.

आता या परिषदांच्या विषयात उपचारही येतात, पण तिथे पडद्यातली ही छाननीच आडवी येते. माणसाच्या एका डोळ्यात सुमारे १२ कोटी दंडपेशी आणि ६० लाख शंकुपेशी असतात, दृष्टिचेतेत तंतू मात्र १० लाखांच्या आसपास. उंदरात गँग्लिऑन पेशींचे ३० हून अधिक प्रकार २०१६ साली मोजले गेले आणि प्रत्येक प्रकार आपलं वेगळं चित्र मेंदूला पाठवतो. २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ‘आर्गस २’ या कृत्रिम रेटिनात ६० इलेक्ट्रोड होते आणि ते उजेडाची व अंधाराची बातमी देणाऱ्या पेशींना सरसकट एकत्रच चेतवत. रुग्णांना उजेडाचे ठिपके, ढोबळ आकार दिसले, त्यापलीकडे फारसं नाही. २०२१ साली प्रकाशसंवेदी प्रथिनाचं जनुक गँग्लिऑन पेशींत पोहोचवून एका अंध रुग्णाला विशेष चष्म्याच्या साहाय्याने समोरच्या वस्तू हेरता आणि मोजता आल्या. पण त्या चष्म्याने कुठल्या पेशीला नेमकं काय सांगायचं, हे अजून ठरलेलं नाही.