सापाचे तुकडे आणि अकरा खांब

अमेरिकेत केंद्राची सत्ता किती आणि राज्यांची किती, या वादावरची व्यंगचित्रं मागे मागे शोधत गेलं की आपण एका सापाशी पोहोचतो. ९ मे १७५४ रोजी बेंजामिन फ्रँकलिनच्या 'पेनसिल्व्हेनिया गॅझेट'मध्ये आठ तुकडे झालेला साप छापून आला. खाली ओळ होती, 'एक व्हा, नाहीतर मरा'. कापलेला साप सूर्यास्ताआधी जुळवला तर जिवंत होतो, अशी तेव्हा समजूत होती. ती माहीत नसेल तर चित्र अर्धंच कळतं. आणि हा साप इंग्लंडवर फुत्कारत नव्हता, तुकडे म्हणजे अमेरिकेतल्या इंग्रजांच्या वसाहती, आणि त्यांनी फ्रेंचांविरुद्ध एकजूट करावी एवढंच त्याचं म्हणणं. इंग्रजांवर तो उलटला नंतर, वसाहतींतल्या छापील कागदांवर कर लावणाऱ्या १७६५च्या स्टॅम्प कायद्यापासून.

खरी मौज १७८८ची. नवी राज्यघटना अमलात यायला तेरापैकी नऊ राज्यांची संमती हवी होती. बोस्टनच्या 'मॅसॅच्युसेट्स सेंटिनेल' या वृत्तपत्रात त्याचा संपादक बेंजामिन रसेल राज्याच्या मंजुरीगणिक एकेक खांब उभा करत गेला. जानेवारीत पाच खांब उभे, सहावा मॅसॅच्युसेट्सचा, आणि तो उचलायला ढगातून आलेला हात! २ ऑगस्टला अकरा झाले. नॉर्थ कॅरोलायना उठतोय, ऱ्होड आयलंड मोडून पडलाय, पण 'पाया चांगला आहे, अजून वाचवता येईल'.

चित्र दिसतं निव्वळ धावफलकासारखं, पण रसेल घटनेचा कट्टर समर्थक होता. विरोधकांना भीती होती की केंद्र राज्यांना गिळेल. याने मात्र सगळे खांब सारख्याच उंचीचे काढले. गिळणारं कुणी चित्रात नाहीच. (आपल्याकडे हे खांब चालले नसते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत स्पष्टच सांगितलं होतं की आपला संघ राज्यांच्या करारातून झालेला नाही, त्यामुळे फुटून निघण्याचा हक्क कुणालाच नाही.) तिकडे ती भीती इतकी खरी होती की १७९१मध्ये दहावी दुरुस्ती करून, केंद्राला न दिलेले आणि राज्यांना न नाकारलेले अधिकार राज्यांकडे किंवा जनतेकडे राहतील, असं लिहून द्यावं लागलं.

मोडका खांब अखेर २९ मे १७९० रोजी उभा राहिला, ३४ विरुद्ध ३२ मतांनी. त्याच महिन्यात अमेरिकी सिनेटने ऱ्होड आयलंडशी व्यापार तोडण्याचं विधेयक मंजूर केलं होतं. या वेळी हात ढगातून आला नव्हता.