आधी रेघ, मग सर्व्हे: हायवेच्या आधीच्या पुरातत्त्व तपासणीची पार्श्वभूमी

हायवे बांधायच्या आधी त्या पट्ट्यात जमिनीखाली काय आहे ते नीट बघून घ्यायचं, ही पद्धत वाटते तेवढी जुनी नाही. पूर्वी रस्त्याच्या कामात काही सापडलं तर ते कुदळीला लागलं म्हणून सापडायचं, आणि त्यातलं किती गुपचूप भरावात गेलं याचा हिशोब कुणाकडेच नाही. सुरुवात साधारण अमेरिकेत धरतात. न्यू मेक्सिकोत 1954 मध्ये रस्तेवाले आणि संग्रहालयवाले यांच्यात ठरलं की रस्त्याच्या आड येणाऱ्या जागा आधी खणून घ्यायच्या, मग 1956 च्या महामार्ग कायद्यात या कामासाठी केंद्राचा पैसा वापरायची सोय झाली. त्याच कायद्याने एका दमात 41,000 मैलांचं जाळं मंजूर केलेलं, त्यामुळे निवांत संशोधनाचा प्रश्नच नव्हता, बुलडोझरच्या पुढे पळायचं आणि हाताला लागेल ते उचलायचं. तरी अमेरिकेतल्याच काहोकिया या प्राचीन वस्तीच्या जागी 1961 मध्ये अशाच घाईच्या उत्खननात मोठ्या खांबांच्या खळग्यांची वर्तुळं हाती लागली, म्हणजे घाईतही काम होतं, फक्त काय हुकलं ते कळत नाही.

अमेरिकेतल्याच 1966 च्या कायद्याने सरकारी पैसा ओतण्याआधी वारशावरचा परिणाम 'विचारात घेणं' बंधनकारक केलं. विचारात घ्या, एवढंच, थांबा असं कुठेही म्हटलेलं नाही. पुढच्या बहुतेक देशांच्या नियमांत हीच फट दिसते.

युरोपात मोटरवेंचा, म्हणजे तिकडच्या द्रुतगती महामार्गांचा, पहिला जोर ओसरेपर्यंत बराचसा कारभार हौशी लोकांच्या जिवावर चालला. इंग्लंडमध्ये एम5 मोटरवेच्या वेळी 1970 च्या आसपास स्वयंसेवक मशीनच्या मागे फिरून नोंदी करत होते. चित्र पालटलं ते 1990 मध्ये, इंग्लंडमधल्या नियोजनाच्या मार्गदर्शक सूचनेने सांगितलं की तपासणी परवानगीच्या आधी आणि खर्च बांधणाऱ्याचा. 1992 मध्ये माल्टात झालेल्या युरोपीय कराराने साधारण तीच दिशा सगळ्यांना दिली. पैसा आला तशी कंत्राटं आली, टेंडरं आली, कमी बोलीवाल्याला काम मिळायला लागलं. फ्रान्सने 2001 मध्ये कायदा करून हे काम सार्वजनिक सेवेत ठेवायचं ठरवलं आणि दोन वर्षांतच स्पर्धेला दार उघडलं.

आता सर्व्हे म्हणजे नक्की काय, कारण पुढचा सगळा वाद इथेच अडकतो. आधी जुने नकाशे आणि विमानातून काढलेले फोटो, मग शेतं पायी पालथी घालणं, मग मॅग्नेटोमीटर, म्हणजे मातीच्या चुंबकत्वातले फरक टिपणारं यंत्र, घेऊन सरळ रेषांत चालणं, आणि शेवटी चर. दात नसलेली बकेट लावून मशीन वरची माती पापुद्र्यासारखी सोलत नेतं, एक माणूस बकेटवर डोळा ठेवून शेजारून चालतो, आणि पिवळसर मातीत काळपट गोल डाग, म्हणजे जुन्या खांबाच्या खळग्याची खूण, दिसला की हात वर करून मशीन थांबवतो. खुरप्याने तेवढा भाग साफ करायचा, खूण रोवायची, ऊन असेल तर पाणी शिंपडायचं, कारण माती वाळली की तो डाग दिसेनासा होतो. इंग्लंडात असे चर साधारण दोन ते पाच टक्के जमिनीवर घेतात, म्हणजे पंच्याण्णव टक्के जमीन अंदाजावर. मॅग्नेटोमीटरला भट्ट्या, जळलेली माती, मोठे खंदक छान दिसतात, पण हाताच्या पंजाएवढे खळगे बहुतेक वेळा दिसत नाहीत.

आणि या सगळ्याच्या आधी अलाइनमेंट, म्हणजे रस्ता कुठून जाणार ती रेघ, बरेचदा ठरलेली असते. माझ्या मते खरी गोम हीच.

आयर्लंडमध्ये हे अगदी उघड्यावर झालं. 1990 च्या दशकाच्या शेवटी तिथे मोटरवेंचा सपाटा सुरू झाला, 2000 मध्ये रस्तेवाले आणि वारसा खात्याचे मंत्री यांच्यात पुरातत्त्वाच्या कामाची आचारसंहिता ठरली, कागदावर सगळं व्यवस्थित. मग डब्लिनच्या एम50 वर कॅरिकमाइन्सचा मध्ययुगीन किल्ला आडवा आला. तो नोंदीत होता, कुणाला माहीत नव्हता अशातला भाग नाही, पण खणल्यावर जे निघालं ते अपेक्षेपेक्षा खूप मोठं होतं. आंदोलन झालं, कोर्टाने काम रोखलं, आणि सरकारने 2004 मध्ये कायदाच बदलला. त्यात राष्ट्रीय स्मारकसुद्धा सार्वजनिक हिताच्या नावाखाली हलवायची किंवा मोडायची परवानगी द्यायचा अधिकार मंत्र्यांच्या हातात गेला.

तो कायदा लगेच कामाला आला एम3 वर. हा रस्ता तारा आणि स्क्रीन या दोन टेकड्यांच्या मधल्या खोऱ्यातून न्यायचं ठरलं, तारा म्हणजे आयर्लंडच्या जुन्या राजांची टेकडी. मार्ग निवडायच्या टप्प्यावरच, 2000 मध्ये, एका अहवालात लिहिलेलं की इथली स्मारकं सुटी सुटी बघता येणार नाहीत, सगळा परिसर एकच आहे. तरी 2003 मध्ये मार्ग मंजूर झाला. समर्थकांचं म्हणणं साधं होतं, जुना रस्ता टेकडीच्या याहून जवळून जातो, मग आता ओरड कशाला? ऐकायला पटतं, पण यात टेकडी म्हणजे नकाशावरचा एक ठिपका असं धरलंय आणि वाद नेमका त्याच्यावरच होता. चर घेतल्यावर फक्त डनशॉफलिन ते नेव्हन या टप्प्यातच 38 जागा मिळाल्या. मंत्र्यांनी 2005 मध्ये त्या खणायला परवानगी दिली. मार्ग हलवायचा की नाही हा प्रश्न पुन्हा घेतलाच नाही.

2007 च्या वसंतात याच मार्गावर लिस्मलिनला वरची माती काढल्यावर लोहयुगातलं खांबांचं एक वर्तुळाकार आवार उघडं पडलं, साधारण 80 मीटर व्यासाचं, आत आणखी एक छोटं वर्तुळ आणि पूर्वेकडून आत येणारी वाट. हे सगळं बारीक बारीक खळग्यांचं, नैसर्गिक खोलगट जागेत, दगडी भिंत वगैरे काही नाही. हे जाहीर झालं तेव्हा कामाचा नारळ फुटून जेमतेम दिवस झाला होता. ते राष्ट्रीय स्मारक ठरलं, आणि मग पद सोडता सोडता जुन्या मंत्र्यांनी 'नोंदीतून जतन'चा आदेश काढला, म्हणजे फोटो, नकाशे, माप घ्या आणि वरून रस्ता जाऊ द्या. नवे मंत्री पर्यावरणवादी पक्षाचे, तरी तेही म्हणाले आता आदेश फिरवता येत नाही. रस्ता 2010 मध्ये सुरू झाला. खोदणाऱ्यांनी काम चोख केलं हे कबूल करायला हवं, पण कितीही चोख नोंद केली तरी जागा उरत नाही.

उलटं उदाहरणही त्याच देशातलं. वॉटरफर्ड बायपाससाठी 2003 मध्ये चर घेताना वुडस्टाउनला नदीकाठी नवव्या शतकातली व्हायकिंग वस्ती मिळाली, आणि रस्ता सरकवला. तिथे वेळ होता, पर्यायी जागा होती आणि 'व्हायकिंग' म्हटल्यावर लोकांना लगेच कळतं. वर्तुळात लावलेल्या काठ्यांच्या खळग्यांचं तसं होत नाही.

अलीकडचं प्रकरण इंग्लंडमधल्या स्टोनहेंज या प्राचीन दगडी वर्तुळाजवळून जाणाऱ्या ए303 रस्त्याचं. जागतिक वारसा-हद्दीखालून 3.3 किलोमीटरचा बोगदा, पण त्याचं पश्चिमेचं तोंड हद्दीच्या आतच उघडणार होतं. नियोजनाच्या तपासणी अधिकाऱ्यांनी नको म्हटलं असताना मंत्र्यांनी 2020 मध्ये मंजुरी दिली, कोर्टाने 2021 मध्ये ती रद्द केली कारण लांब बोगद्यासारख्या पर्यायांचा धड विचारच झाला नव्हता, 2023 मध्ये परत मंजुरी, आणि 2024 मध्ये कोर्टाने ती मान्यही केली. त्यानंतर काही महिन्यांतच नव्या सरकारने योजना गुंडाळली. कारण दिलं पैशाचं.