टॉर्चचे सेल : १.५ आणि १.२ चा घोळ

‘चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे, साधे १.५ चे. मग टॉर्चचा उजेड कमी पडणारच!’ हे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की वाद घालायची सोय राहत नाही. पण हे दोन आकडे एकाच अवस्थेतले नाहीत. १.५ हा कोऱ्या, कामाला न लावलेल्या अल्कलाइन (चार्ज न होणाऱ्या) सेलचा आकडा आहे. १.२ हा निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे चार्जिंगचा सेल वापरात असताना बराच वेळ टिकून राहतो तो आकडा. हाच सेल चार्जरमधून काढल्या काढल्या मोजला, तर १.४ च्या आसपास भरतो.

खरी गंमत सेलच्या आतल्या रोधात आहे. प्रत्येक सेलमध्ये रासायनिक ऊर्जेसोबत एक छुपा रोध असतो आणि बाहेर जाणारा सगळा प्रवाह त्यातूनच जातो. ओहमचा नियम शाळेत झालेला आहे, तोच इथे लावायचा. कोऱ्या अल्कलाइन पेन्सिल सेलचा रोध ०.२ ओहम धरा. एक अँपिअर प्रवाह घेतला की ०.२ व्होल्ट आतच खर्ची पडतात, बाहेर मिळतात १.३. सेल निम्मा संपल्यावर त्याचा मूळचा दाबही (म्हणजे व्होल्ट) घटलेला असतो आणि रोधही वाढलेला, म्हणजे दोन्हीकडून घट. निकेल सेलचा रोध साधारण ०.०३ ओहम. तिथे तेवढ्याच प्रवाहाला फक्त ०.०३ व्होल्ट जातात, आणि सेल जवळजवळ रिकामा होईपर्यंत हे चित्र फारसं बदलत नाही.

जुन्या दोन सेलच्या टॉर्चचा छोटा बल्ब भिंगाखाली धरून पाहा. त्याच्या पितळी कड्यावर ‘२.५ व्होल्ट’ असं कोरलेलं असतं. दोन सेल म्हणजे तीन व्होल्ट, मग बल्ब अडीचचा का? कारण तो बनवणाऱ्याने ही आतली घट आधीच हिशेबात धरलेली असते.

एलईडी आल्यावर मामला आणखी रंगला. पांढऱ्या एलईडीला सुमारे तीन व्होल्ट लागतात. त्यामुळे एका-दोन सेलच्या टॉर्चमध्ये व्होल्ट चढवणारं छोटं सर्किट बसवतात. हे सर्किट हट्टी असतं. एलईडीला ठरलेली पॉवर द्यायचीच, म्हणून सेलचा दाब उतरला की ते जास्त प्रवाह ओढतं. प्रवाह वाढला की आतल्या रोधावरची घट वाढते, म्हणजे दाब अजून उतरतो, म्हणजे प्रवाह अजून वाढतो. या फेऱ्याला एक टोक आहे. सेल बाहेर जास्तीत जास्त जी पॉवर देऊ शकतो ती दाबाच्या वर्गाला रोधाच्या चौपटीने भागून मिळते. कोरा अल्कलाइन : १.५ चा वर्ग भागिले ०.८, म्हणजे सुमारे २.८ वॅट. तोच थकल्यावर, दाब १.२ आणि रोध ०.५ झाला, तर जेमतेम ०.७ वॅट. निकेल सेल : १.२ चा वर्ग भागिले ०.१२, म्हणजे १२ वॅट! पूर्ण उजेडावर टॉर्च अचानक मान टाकते आणि कमी उजेडावर तासन् तास चालते, त्यामागे हेच गणित आहे. सेलमध्ये ऊर्जा शिल्लक असते, ती त्या वेगाने बाहेर येऊ शकत नाही.

संपलेले सेल उन्हात ठेवले की ‘चार्ज’ होतात, ही समजूतही इथेच निकालात निघते. ऊब मिळाली की आतल्या क्रियांना वेग येतो, रोध थोडा उतरतो आणि उरलेली ऊर्जा बाहेर पडते. उन्हाने नवीन काही भरलं जात नाही. लिथियम सेल (चार्ज होणारे लिथियम-आयन) तर चुकूनही उन्हात ठेवू नयेत.

आता लिथियमकडे. इथे आकारावर जाणं धोक्याचं आहे. १४५०० नावाचा लिथियम सेल १४ मिलिमीटर जाड आणि ५० लांब, म्हणजे पेन्सिल सेलच्या जागी अगदी चपखल बसतो. पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो ४.२ व्होल्ट देतो. १.५ व्होल्टसाठी बनवलेल्या टॉर्चमध्ये तो घातला तर सर्किट किंवा एलईडी जळू शकतो. टॉर्चच्या माहितीपत्रकात १४५०० चा स्पष्ट उल्लेख असेल तरच घालावा.

लिथियमच्याच १८६५० सेलचंही नाव म्हणजे त्याचं माप : १८ मिलिमीटर व्यास, ६५ लांबी, शेवटचं शून्य दंडगोल आकाराचं. पण संरक्षक सर्किट असलेल्या सेलची लांबी तीन ते पाच मिलिमीटरनी वाढते, आणि मग टॉर्चचं झाकण पूर्ण आवळलं जात नाही. काही टॉर्चना वर उंचवटा असलेलाच सेल लागतो, सपाट डोक्याचा टेकतच नाही. आणि ‘९९०० एमएएच’ (मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलची साठवण) छापलेला १८६५० दिसला तर तो सरळ बाजूला ठेवा. या आकारात चांगल्यातला चांगला सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतो. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतो. बनावट बहुधा हाताला हलका लागतो.

एकापेक्षा जास्त सेल लागत असतील तर जुने-नवे किंवा दोन जातींचे एकत्र घालू नयेत. त्यातला दुबळा सेल आधी रिकामा होतो आणि बाकीचे त्यातून उलट्या दिशेने दाब देत राहतात. निकेल सेल याने खराब होतो, लिथियम सेल पेटूही शकतो. चार्जरही ज्या जातीचा सेल त्याच जातीचा हवा. लिथियमचा चार्जर ४.२ व्होल्टवर थांबतो. निकेलचा चार्जर पूर्ण भरल्यावर दाबात येणारी बारीकशी उतरण किंवा तापमानातली वाढ ओळखून थांबतो, आणि लिथियम सेलमध्ये तशी उतरण येतच नाही.